लॉग एका ठिकाणी आणायचे तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लोड बॅलन्सरच्या (येणाऱ्या रिक्वेस्ट मशीनमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेच्या) मागे गर्दीनुसार आपोआप वाढणारी-कमी होणारी चार ते दहा व्हर्च्युअल मशीन आहेत. त्यांवर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनात) वेब ॲप, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, शेजारी बॅकग्राउंड कामांचे वर्कर, आणि डेटाबेस म्हणजे क्लाउड कंपनीनेच सांभाळलेलं पोस्टग्रेस. काही बिघडलं की लॉग (प्रोग्रॅमने चालताना लिहिलेल्या नोंदी) वाचायला एकेका मशीनमध्ये एसएसएचने (दूरून लॉगिन करून) शिरून ग्रेप (मजकुरात शोध) करावा लागतो, आणि ज्या मशीनवर बिघाड झाला ती तोवर स्केलिंगमध्ये बंद होऊन गेलेली असते. विचारलंय ते हे, की लॉग साठवायला आणि शोधायला इलॅस्टिकसर्च घ्यावं, लोकी घ्यावं की क्लाउडचीच लॉग सेवा वापरावी?

तिन्हींपैकी कशानेही काम भागेल, आणि हे टाळाटाळीचं उत्तर नाही. या सगळ्या साखळीत साठवण हाच भाग सर्वांत सहज बदलता येतो. लॉगची ओळ कशी लिहिली जाते आणि ती मशीनवरून निघून साठवणीपर्यंत न हरवता पोहोचते का, ही दोन कामं कच्ची राहिली तर साठवण कितीही भारी घेतली तरी हवी ती ओळ हव्या त्या वेळी सापडत नाही. म्हणून मी आधी ओळ, मग वाहतूक आणि शेवटी साठवण या क्रमाने जातो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत: रोज किती लॉग निघतात, ही यंत्रणा सांभाळायला माणसं किती, आणि लॉग किती काळ ठेवण्याचं बंधन आहे. पहिली गोष्ट अंदाजाने न ठरवता मोजा. समजा सेकंदाला ५० रिक्वेस्ट येतात, प्रत्येकीमागे सगळे घटक मिळून ४ ओळी पडतात आणि ओळ सरासरी ५०० बाइटची आहे. म्हणजे सेकंदाला १ लाख बाइट, दिवसाला ८.६४ जीबी, ३० दिवसांचे जवळजवळ २६० जीबी. हा झाला सरासरीचा आकडा. बफरचा आकार ठरवताना गर्दीच्या तासाचा आकडा धरावा लागतो. त्यात बिघाडाच्या वेळी प्रत्येक चुकीमागे स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठे आणि कशी झाली याची यादी) पडतो, तो सहज ५ केबीचा असतो. लॉगची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी त्यांचा पूर येतो, हे धरूनच पुढचं सगळं बांधायचं.

आता ओळ. एका घटनेची एक ओळ, जेसॉनमध्ये (फील्डचं नाव आणि त्याचं मूल्य अशा जोड्यांत). प्रत्येक ओळीत वेळ, पातळी (डीबग, माहिती की चूक), सेवेचं नाव, एन्व्हायर्नमेंट, चालू बिल्डचा कमिट (कोडची आवृत्ती), मशीन किंवा कंटेनरचा आयडी, रिक्वेस्ट आयडी (एका रिक्वेस्टच्या सगळ्या ओळींवर सारखाच असणारा) आणि संदेश. रिक्वेस्ट संपतानाच्या ओळीत मेथड, राउट, स्टेटस आणि लागलेला वेळ. राउट म्हणजे फ्रेमवर्कमधला साचा, ज्यात ऑर्डरचा क्रमांक न येता त्याच्या जागी चलाचं नाव येतं. प्रत्यक्ष पत्ता लिहिला तर लाखो वेगवेगळी मूल्यं होतात आणि ‘कोणतं पान हळू आहे’ या साध्या प्रश्नाचं उत्तर निघत नाही. वेळ यूटीसीमध्ये, आरएफसी ३३३९ च्या पद्धतीने, मिलिसेकंदांसकट लिहा. सगळ्या मशीनची घड्याळं एनटीपीने जुळलेली आहेत ना, हेही एकदा पाहा. दोन मशीनमध्ये अर्ध्या सेकंदाचा फरक असला तरी आधी काय घडलं आणि नंतर काय, हे उलटंपालटं दिसतं.

संदेशाचा मजकूर कायम एकच ठेवा आणि बदलती मूल्यं वेगळ्या फील्डमध्ये टाका. ‘पेमेंट नाकारलं’ हा संदेश, त्याच्या शेजारी ऑर्डर क्रमांक आणि नकाराचं कारण. मजकुरातच क्रमांक गुंफला की गटवारी करून मोजणं बंद होतं.

फील्डचा प्रकारही पक्का हवा. लागलेला वेळ एका सेवेने १२० असा आकडा म्हणून लिहिला आणि दुसरीने ‘१२० मिसे’ असा मजकूर म्हणून, तर इलॅस्टिकसर्च आणि त्यातूनच निघालेल्या ओपनसर्चमध्ये आधी आलेल्या ओळीवरून प्रकार ठरतो. तो आकडा ठरला असेल तर नंतरची मजकुराची ओळ नाकारली जाते. मजकूर ठरला असेल तर ओळी आत जातात, पण सरासरी काढता येत नाही. ही नकाराची घटना सहज लक्षात येत नाही, कारण एकगठ्ठा पाठवलेल्या ओळींना सर्व्हर एचटीटीपी २०० च देतो आणि आतल्या कोणत्या ओळी नाकारल्या ते उत्तराच्या मजकुरात लिहितो. एजंटचे (मशीनवरून लॉग उचलून पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे) स्वतःचे लॉग कोणी वाचत नसेल तर ओळी गायब होत राहतात आणि आलेख मात्र हिरवेच दिसतात.

स्टॅक ट्रेस त्याच जेसॉनच्या एका फील्डमध्ये, एस्केप केलेल्या नव्या ओळींसकट टाका. जुन्या लायब्ररीमुळे ते जमत नसेल तर एजंटमध्ये मल्टिलाइन पार्सर (अनेक ओळी जोडून एक नोंद करणारा) लावा, पण तो मशीनवरच. मध्यवर्ती ठिकाणी येईपर्यंत दहा मशीनच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात, तिथे त्या पुन्हा जोडता येत नाहीत. डॉकरची एक खोड इथे आठवणीत ठेवा: १६ केबीपेक्षा लांब ओळ तो तोडतो. तुटलेल्या तुकड्यांपैकी एकही वैध जेसॉन नसतो. एजंटमध्ये तुकडे जोडायची सोय असते, ती चालू करा. त्याहून बरं म्हणजे ॲपमध्येच मोठी फील्ड ८ केबीवर छाटा. रिक्वेस्टची पूर्ण बॉडी लॉग करायची गरज मला तरी क्वचितच पटते.

रिक्वेस्ट आयडीवर थोडा जास्त वेळ घालवा, कारण सगळे लॉग एका जागी आणण्याचा खरा फायदा त्यातूनच मिळतो. एनजिनएक्स प्रत्येक रिक्वेस्टसाठी ३२ हेक्स अक्षरांचा आयडी स्वतःच तयार करतो. तो ॲक्सेस लॉगमध्ये लिहा आणि हेडरमधून ॲपकडे पाठवा. पुढे ट्रेसिंग (एका रिक्वेस्टचा सगळ्या सेवांतला प्रवास नोंदवणं) आणायचा विचार असेल तर थेट डब्ल्यूथ्रीसीचं ट्रेसपॅरेंट हेडर वापरा. त्यात व्हर्जन, ३२ अक्षरांचा ट्रेस आयडी, १६ अक्षरांचा पॅरेंट आयडी आणि फ्लॅग असे चार भाग असतात आणि ट्रेसिंगसाठीच्या ओपनटेलिमेट्रीच्या लायब्ररी ते जसंच्या तसं समजतात. बाहेरून आलेला आयडी तपासल्याशिवाय स्वीकारू नका, नाहीतर कोणीही तुमच्या लॉगमध्ये हवा तो मजकूर घुसवेल.

हा धागा तुटतो तो हमखास रांगेपाशी. ॲपने बॅकग्राउंड काम रांगेत टाकताना आयडी कामाच्या माहितीसोबत जायला हवा आणि वर्करने तो आपल्या लॉगमध्ये उचलायला हवा. डेटाबेसपर्यंत जायचं असेल तर क्वेरीच्या सुरुवातीला एसक्यूएल कॉमेंट म्हणून आयडी घाला. पोस्टग्रेसमध्ये हळू क्वेरींचा लॉग चालू केला, समजा ५०० मिलिसेकंदांच्या वरच्या, की ती कॉमेंट क्वेरीसोबत छापली जाते आणि कोणत्या रिक्वेस्टमुळे क्वेरी आली ते लगेच कळतं. याची किंमत म्हणजे दर वेळी क्वेरीचा मजकूर बदलतो, त्यामुळे प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा (डेटाबेसने आधीच तयार ठेवलेल्या क्वेरीचा) पुनर्वापर होत नाही. सतत चालणाऱ्या क्वेरींना कॉमेंट लावू नका.

गुपितं लॉगमध्ये जाऊ न देणं हे ॲपचं काम आहे. ऑथरायझेशन हेडर, कुकी, पासवर्ड, ओटीपी, कार्ड क्रमांक हे सगळ्यांना सुचतं. क्वेरी स्ट्रिंग मात्र सुटते. पासवर्ड बदलण्याच्या दुव्यातलं टोकन तिथेच असतं आणि एनजिनएक्सचं नेहमीचं ॲक्सेस लॉगचं स्वरूप ती पूर्ण छापतं. त्यामुळे स्वतःचं जेसॉन स्वरूप लिहा आणि त्यात क्वेरी स्ट्रिंग वगळा. ‘हे हे लपवा’ अशी यादी अपुरीच पडते, कारण नवीन फील्ड यादीत कोणी घालत नाही. ‘एवढंच लिहा’ अशी यादी ठेवा. एजंटमधला मास्किंगचा नियम दुसरी जाळी म्हणून असू द्या. एकदा साठवणीत गेलेली एकेक ओळ निवडून पुसणं बहुतेक ठिकाणी एकतर शक्य नसतं किंवा फार महाग पडतं.

आता वाहतूक. ॲपने स्टँडर्ड आउटपुटवर लिहावं आणि तिथे त्याचं काम संपावं. ॲपमधून थेट नेटवर्कवर लॉग पाठवणाऱ्या लायब्ररी मी टाळतो. समोरची साठवण मंदावली की एकतर ॲप अडतं किंवा त्याची मेमरी फुगते. शिवाय प्रोसेस कोसळली तर मेमरीतल्या शेवटच्या ओळी तिच्यासोबत जातात, आणि कोसळण्याचं कारण त्याच ओळींत असतं. पायथन असेल तर त्याचं आउटपुट बफरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर कंटेनरमध्ये प्रिंटच्या ओळी उशिरा येतात किंवा येतच नाहीत.

स्टँडर्ड आउटपुटवर आलेल्या ओळी पुढे डॉकर उचलतो. त्याचा मूळचा जेसॉन-फाइल ड्रायव्हर फाइलला कसलीही मर्यादा घालत नाही. एक बडबडा कंटेनर डिस्क भरेपर्यंत लिहीत राहतो आणि मग संपूर्ण मशीन आडवं होतं. डॉकरच्या डीमनच्या सेटिंगमध्ये फाइलचा कमाल आकार ५० एमबी आणि फाइल ५ असं घाला. चालू असलेल्या कंटेनरना ही सेटिंग लागू होत नाही, ते नव्याने तयार करावे लागतात. यावर कित्येक तास डोकं खाजवलं जातं, म्हणून आधीच सांगतो. या फाइलींवर बाहेरून लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइल बाजूला काढणारं साधन) लावू नका. फिरवणं डॉकरवर सोडा, एजंटने फक्त वाचावं.

डॉकरचे थेट दूर पाठवणारे ड्रायव्हर सोपे दिसतात, पण मुळात ते ब्लॉकिंग पद्धतीने चालतात. समोरची लॉग सेवा अडखळली की तुमच्या ॲपचं लिहिणं थांबतं, म्हणजे लॉगिंगमुळे साइट बंद पडते. नॉन-ब्लॉकिंग केलं तर मेमरीत छोटासा बफर मिळतो, मुळात १ एमबीचा, आणि तो भरला की ओळी टाकून दिल्या जातात. म्हणून स्थानिक फाइल आणि तिच्या मागे एजंट हीच मांडणी मला भरवशाची वाटते.

एजंट फ्लुएंट बिट घ्या किंवा व्हेक्टर, दोन्ही हलके आहेत. फ्लुएंट बिट घेतल्यास तीन सेटिंग मुळातल्या तशाच ठेवू नका. पहिली, फाइलमध्ये कुठवर वाचलं याची नोंद ठेवणारी डेटाबेस फाइल द्या आणि ती होस्टच्या डिस्कवर ठेवा, म्हणजे एजंट पुन्हा सुरू झाला तरी तिथूनच वाचेल. दुसरी, बफर मेमरीऐवजी फाइलसिस्टमवर ठेवा आणि त्याला मर्यादा घाला, २ जीबी वगैरे. तिसरी, पुन्हा प्रयत्न करण्याची मर्यादा. मुळात एकदाच पुन्हा प्रयत्न होतो आणि तोही फसला की तो गठ्ठा टाकून दिला जातो. ती मर्यादा काढून टाका.

मग किती वेळ नेटवर्क तुटलं तरी चालेल? एजंट चालू असेल तर ते त्याच्या २ जीबीच्या बफरवर ठरतं, आणि तो भरला की फ्लुएंट बिट सगळ्यात जुने गठ्ठे टाकून देतो. एजंटच बंद पडला तर आधार फक्त डॉकरच्या फाइलींचा. चार मशीन धरली तर वरच्या हिशोबाने प्रत्येकी सेकंदाला २५ हजार बाइट, म्हणजे तो बफर वीसेक तास पुरतो. डॉकरच्या ५० एमबीच्या ५ फाइल म्हणजे २५० एमबी, त्या १० हजार सेकंदांत भरतात, जवळजवळ पावणेतीन तासांत. डॉकर प्रत्येक ओळीभोवती आपलं जेसॉनचं वेष्टन घालतो आणि आतली अवतरणचिन्हं एस्केप करतो, म्हणून दोनच तास धरा. त्यापुढे जुन्या ओळी जातात. तुम्हाला हे पुरेसं आहे का, ते तुम्हीच ठरवायचं. एनजिनएक्स डॉकरबाहेर असेल आणि त्याचे लॉग जर्नलडीकडे (लिनक्सच्या लॉग सेवेकडे) जात असतील तर तिथली वेगमर्यादाही बघा. मुळात ३० सेकंदांत एका सेवेच्या १० हजार ओळी, त्यावरच्या दाबल्या जातात.

तुमच्या मूळ तक्रारीतलं बंद झालेलं मशीन इथे येतं. डिस्कवरचा बफर मशीनसोबतच जातो, त्यामुळे स्केलिंग ग्रुपमध्ये लाइफसायकल हुक (मशीन बंद होण्याआधी थोडं थांबवून ठेवणारी सोय) लावून बंद होणं दोन मिनिटं लांबवा. त्या वेळेत आधी ॲपचे कंटेनर थांबले पाहिजेत आणि सगळ्यात शेवटी एजंट. उलट झालं तर ॲपचे शेवटचे शब्द ऐकायला कोणी उरत नाही. फ्लुएंट बिट थांबताना बफर रिकामा करायला मुळात ५ सेकंद घेतो. ते ३० करा.

मध्ये काफ्का (नोंदी धरून ठेवून पुढे अनेकांना देणारी यंत्रणा) टाकावा का, हे विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो. दिवसाला १० जीबीसाठी नको. एकाच लॉगचे तीन-चार वेगवेगळे ग्राहक झाले किंवा साठवण वारंवार तासन्‌तास बंद ठेवावी लागली, तर त्याचा विचार करा.

ज्या लॉगपर्यंत एजंट पोहोचू शकत नाही ते वेगळे आणावे लागतात. लोड बॅलन्सरने स्वतःच दिलेले ५०२ आणि ५०४ (मागून नीट किंवा वेळेत उत्तर न आल्याच्या चुका) ॲपच्या लॉगमध्ये कधीच दिसत नाहीत. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचे ॲक्सेस लॉग एसथ्री या त्यांच्या फाइल साठवणीत दर पाच मिनिटांनी येतात, म्हणजे तातडीच्या अलर्टसाठी ते उपयोगाचे नाहीत, नंतरच्या तपासासाठी आहेत. सांभाळलेल्या पोस्टग्रेसचे लॉग आधी त्या क्लाउडच्या लॉग सेवेत आणि तिथून तुमच्या साठवणीत आणावे लागतात.

आता साठवण. यंत्रणा सांभाळायला वेगळा माणूस नसेल तर क्लाउडची सेवा घ्या. तिचा खर्च मुख्यतः आत येणाऱ्या आकारमानावर असतो, त्यामुळे चुकून चालू राहिलेली डीबग पातळी थेट बिलात दिसते. मुदतही पहिल्याच दिवशी ठरवा. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉचमध्ये मुळात लॉग कधीच कालबाह्य होत नाहीत, तर गूगल क्लाउडच्या डिफॉल्ट बकेटमध्ये ३० दिवसांनी जातात. एकीकडे बिल वाढत राहतं, दुसरीकडे हवे ते लॉग नेमके गेलेले असतात.

ग्राफाना (आलेख दाखवणारं साधन) आधीच वापरात असेल तर ऑब्जेक्ट स्टोरेजवर (एसथ्रीसारख्या साठवणीवर) लोकी स्वस्त आणि पुरेसं आहे. ते फक्त लेबलांची अनुक्रमणिका ठेवतं, ओळीच्या मजकुराची नाही. सेवा, एन्व्हायर्नमेंट, पातळी एवढीच लेबलं ठेवा. लेबलांचा प्रत्येक वेगळा संच म्हणजे एक वेगळा स्ट्रीम, म्हणून रिक्वेस्ट आयडी लेबलात घातला की लाखो चिमुकले स्ट्रीम तयार होतात आणि लोकी गुडघे टेकतं. तो ओळीत किंवा स्ट्रक्चर्ड मेटाडेटात (ओळीसोबतच्या, पण लेबल नसलेल्या फील्डमध्ये) ठेवा. तासा-दोन तासांतला शोध पटकन होतो, महिनाभरातला एक शब्द शोधायला मात्र थांबावं लागतं.

सपोर्टच्या लोकांना रोज कोणत्याही फील्डवर शोध लागत असेल तरच इलॅस्टिकसर्च किंवा ओपनसर्च स्वतः चालवा. मग त्याची निगाही तुमच्याकडेच आली. डिस्क ८५ टक्क्यांवर गेली की त्या नोडवर नवीन शार्ड (इंडेक्सचे तुकडे) ठेवणं थांबतं, ९० वर असलेले हलवायला सुरुवात होते आणि ९५ वर इंडेक्सवर लिहिणंच बंद होतं. म्हणजे अलर्ट ८० वर हवा. शार्ड १० ते ५० जीबीचा असावा. तुमच्या आकारमानाला रोजचा पाच शार्डांचा इंडेक्स म्हणजे शेकडो छोटे शार्ड, त्यापेक्षा आकारावर रोलओव्हर (ठरावीक आकार झाला की नवा इंडेक्स) करा. जेव्हीएमची हीप (इलॅस्टिकसर्च ज्यावर चालतं त्या जावाची मेमरी) रॅमच्या निम्म्याहून जास्त नको आणि ३२ जीबीच्या आतच ठेवा. एका इंडेक्समध्ये फील्डची मूळ मर्यादा १००० आहे. कोणी वापरकर्त्याकडून आलेला जेसॉन जसाच्या तसा लॉगमध्ये टाकला की ती एका दुपारीत संपते, म्हणून डायनॅमिक मॅपिंग (नवीन फील्ड आपोआप जोडणं) बंद ठेवून फील्ड आधी जाहीर करा.

तुमचं वर्णन वाचून माझा कौल क्लाउडच्या सेवेला आहे. फक्त एजंट तुमचाच ठेवा, क्लाउडचा खास एजंट नको. म्हणजे उद्या साठवण बदलली तर आउटपुटचा एक भाग तेवढा बदलावा लागेल. काहीही निवडलंत तरी ॲप ज्या क्लस्टरवर चालतं त्याच क्लस्टरवर लॉगची साठवण ठेवू नका.

शोधता येणारे लॉग १४ ते ३० दिवस आणि त्यापुढचे दाबून ऑब्जेक्ट स्टोरेजवर, हे बहुतेकांना पुरतं. कार्ड पेमेंट हाताळत असाल तर पीसीआय डीएसएस हे कार्डांच्या सुरक्षेचं मानक ऑडिट लॉग किमान १२ महिने मागतं, त्यातले शेवटचे ३ महिने लगेच उपलब्ध. कोणी काय बदललं याचे ऑडिट लॉग मुळातच वेगळ्या प्रवाहात ठेवा. त्यांत नमुना घेणं किंवा ओळी गाळणं चालत नाही.

बाकीच्यांत ते चालतं. हेल्थ चेकच्या ओळी उगमापाशीच टाका. दर १० सेकंदांनी दहा मशीन तपासली तरी दिवसाला ८६,४०० ओळी होतात आणि त्यांतून काहीही कळत नाही. आकारमान आणखी कमी करायचं असेल तर चुका आणि १ सेकंदापेक्षा हळू रिक्वेस्ट सगळ्या ठेवा, यशस्वी रिक्वेस्टपैकी १० टक्के ठेवा. कोणत्या ठेवायच्या ते रिक्वेस्ट आयडीच्या हॅशवरून (त्यापासून दर वेळी तोच निघणाऱ्या आकड्यावरून) ठरवा, म्हणजे ॲप आणि वर्कर एकाच रिक्वेस्टबाबत एकच निर्णय घेतील.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी डॉकरच्या फाइलींना मर्यादा, कारण तो आजचा धोका आहे. मग जेसॉन आणि रिक्वेस्ट आयडी, मग एका मशीनवर एजंट, मग लाइफसायकल हुक, आणि त्यानंतर सगळ्या मशीनच्या इमेजमध्ये एजंट.

हे झाल्यावर तीन चाचण्या केल्याशिवाय जुना मार्ग बंद करू नका. क्रमांक घातलेल्या १० हजार ओळी लिहिणारा छोटा प्रोग्रॅम घ्या. तो चालू असताना फायरवॉलने बाहेर जाणारा मार्ग दहा मिनिटं बंद करा, उघडा आणि साठवणीत क्रमांक मोजा. मग तोच प्रकार एजंटला किल मायनस नऊने (आवरायची संधी न देता) मारून, आणि शेवटी स्केलिंग ग्रुपमधून मशीनच काढून. काही ओळी दोनदा येतील. पोहोच मिळेपर्यंत पुन्हा पाठवण्याच्या पद्धतीत ते ठरलेलंच आहे, हरवण्यापेक्षा ते परवडलं. इलॅस्टिकसर्चमध्ये ओळीच्या हॅशवरून डॉक्युमेंट आयडी दिला तर तेही टळतं. तिसऱ्या चाचणीत शेवटचे क्रमांक गायब असतील तर आधी थांबण्याचा क्रम तपासा, मग हुकची वेळ वाढवा.

यातला एक भाग कायमचा चालू ठेवा. प्रत्येक मशीनवरून दर मिनिटाला वाढत्या क्रमांकाची एक ओळ निघू द्या, आणि दोन अलर्ट लावा: चालू मशीनची ओळ ५ मिनिटं आली नाही तर, आणि लिहिल्याची वेळ व साठवणीत पोहोचल्याची वेळ यांत २ मिनिटांहून जास्त अंतर पडलं तर. हे अलर्ट लॉगच्या त्याच साखळीतून पाठवू नका, मॉनिटरिंगच्या वेगळ्या मार्गाने पाठवा.